पेटीसमोर रडायचं नाही

डॉक्टरची पेटी शाळेत आली आणि उज्वला गायकवाडच्या डोक्याला कायमचा ताप झाला. पेटी म्हणजे काय, तर एक काळी सुटकेस. आत एक टॅब, ताप बघायचं यंत्र, छातीला लावायचं यंत्र, कानात बघायची बॅटरी आणि वायरींचं गुंतवळ. सुटकेस उघडायची, टॅब चालू करायचा, आजारी पोराला समोर बसवायचं, की पुण्यात बसलेला डॉक्टर पडद्यावर येऊन तपासणार. रसायनीच्या एका कंपनीने ती भेट दिली होती. तशी सोय चांगलीच हो, नाही कोण म्हणतंय? चौकच्या पुढे आत, डोंगराला टेकलेली जिल्हा परिषदेची शाळा. निम्मी पोरं वरच्या वाड्यांवरून पायी येणारी. त्यांच्याकडे कुठला डॉक्टर बघायला येतोय? म्हणून पेटी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद उज्वलालाच झाला होता. मोहोपाड्याहून ती रोज स्कूटीवर यायची, सहावीचा वर्ग तिच्याकडे होता, आणि पेटी चालवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

पण तो आनंद टिकेल तर शपथ! पेटी ठेवली मुख्याध्यापकांच्या ऑफिसात. का, तर कंपनीच्या नावाची पाटी तिथल्या भिंतीवर ठोकलेली, आणि फोटो काढला की दोन्ही एकत्र दिसायला हवेत. नेट मात्र ऑफिसात यायचं नाही. नेट यायचं शाळेच्या मागे, खिचडीच्या शेडच्या कोपऱ्यात. बरं, पेटी तिकडे न्यावी, तर तीही परवानगी नाही. पडली, फुटली, हरवली तर जबाबदार कोण? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते असं.

त्याहून वैताग नियमाचा. मागे एका शिक्षकाने पाय मुरगळलेल्या पोराला मोटरसायकलवर घालून परस्पर दवाखान्यात नेलं, वाटेत गाडी घसरली, दोघंही खरचटले. कुणाला विचारून नेलं म्हणून मुख्याध्यापकांना वर उत्तरं देता देता नाकी नऊ आले. मुख्याध्यापक म्हणजे विष्णू गुप्ते सर. कर्जतच्या जुन्या घरातला माणूस, सभ्य म्हणजे किती सभ्य, आणि घाबरटही तेवढाच. दुधाने तोंड पोळलेलं, तेव्हापासून ताकही फुंकून पीत होते. पेटी आल्यावर त्यांना हायसं वाटलं. सगळ्या शिक्षकांना समोर बसवून त्यांनी बजावलं, "आधी पेटी, मग गाडी. पेटीतल्या डॉक्टरांनी न्या म्हटलं तरच मूल गेटाबाहेर जाईल."

आता बघा. पूर्वी डॉक्टर लांब होता, पण त्याच्याकडे जाता येत होतं. आता डॉक्टर शाळेत आला आणि जाणं बंद झालं.

तर त्या दिवशी उज्वला फळ्यावर अपूर्णांक लिहीत होती आणि मागच्या बाकावरची हर्षला ओरडली, "बाई, कोंडी बगा कशी बसलीय!"

कोंडी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ठाकूरवाडीतल्या धाऊची ही पोर. अंगाने काटकुळी, पण आवाज असा खणखणीत की प्रार्थना तिनेच सांगायची. आज तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता. बाहेर तर चांगली थंडी पडलेली.

"काय होतंय गं?"

"काय नाय बाई."

"काय नाही काय? पोट दुखतंय का?"

कोंडीने मान हलवली. होय की नाही, ते त्या हलवण्यावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हर्षलानेच सांगून टाकलं, "बाई, ती येताना वाटेत ओकली. दोनदा बसली खाली. मला बोलली, सांगू नको."

उज्वलाने तिला उठवलं. पोर सरळ उभी राहीना. उजव्या अंगाला वाकून, पाय ओढत चालत होती. वर्गाला पाढे लिहायला लावून उज्वला तिला घेऊन ऑफिसात गेली.

गुप्ते सर लगेच खुर्चीतून उठले. "पेटी लावा, पेटी लावा," म्हणाले.

पेटी लावली. म्हणजे काय, तर उज्वलाने स्वतःचा फोन खिडकीच्या गजांमध्ये कसाबसा अडकवला, त्याचं नेट टॅबला दिलं आणि पडद्यावरचं चक्र फिरताना बघत बसली. तापाच्या यंत्राचा सेल गेला होता. नवीन सेल मागवून कितीतरी दिवस झाले होते. शेवटी पडदा उजळला. कानाला हेडफोन लावलेली एक तरुण डॉक्टरीण दिसली. तिच्या मागे तसेच हेडफोनवाले आणखी चारपाच जण ओळीने बसलेले.

"नमस्कार, मी डॉक्टर सानवी. काय होतंय बाळा तुला?"

आणि उज्वलाच्या डोळ्यांदेखत नवल घडलं. खुर्चीत मुटकुळं करून बसलेली कोंडी ताडकन उभी राहिली. पाय जुळवले, हात जोडले, हसली, आणि प्रार्थनेच्या आवाजात म्हणाली, "मी छान आहे, मॅडम. धन्यवाद."

"नाही हो डॉक्टर," उज्वला मध्ये पडली. "पोट दुखतंय तिचं. सकाळी उलटी झालीय. नीट चालता येत नाहीये."

"एक मिनिट मॅडम, पेशंटला बोलू द्या. उलटी झाली का गं?"

"नाही, मॅडम."

"पोट दुखतंय?"

कोंडीने एकदा उज्वलाकडे चोरून बघितलं. "थोडं दुखत होतं, मॅडम. आता बरं आहे."

"अगं ए!" उज्वला म्हणाली. "खरं सांग ना!"

"मॅडम, प्लीज. तुम्ही तिला रागावू नका. बाळा, एक उडी मारून दाखवशील मला?"

कोंडीने उडी मारली. कवायतीला मारतात तशी, हात मांडीला चिकटवून, एकदम सरळ. खाली आली तेव्हा तिने ओठ दातांत धरला होता, पण नेमकं तेव्हाच नेट अडकलं. पडद्याच्या कोपऱ्यात कोंडीचं उडीच्या आधीचं हसू तसंच थिजून राहिलं. पुण्याला बहुतेक तेच दिसत असणार.

डॉक्टरचा आवाज तुटत तुटत आला. "अपेंडिक्स वगैरे असतं ना, तर अशी उडी मारता येत नाही. गॅसेस असतील. ओआरएस द्या, हलकं खाऊ दे. संध्याकाळपर्यंत नाही थांबलं तर परत कॉल करा." आणि पडदा काळा झाला.

गुप्ते सरांनी सुस्कारा सोडला. "झालं. गॅसेस. मी म्हटलंच."

तुम्ही कधी म्हटलंत? उज्वलाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण खोटं कशाला बोला, थोडं तिलाही बरंच वाटलं. एवढी शिकलेली डॉक्टर सांगतेय, म्हणजे असेल गॅस. तिने कोंडीला साखर-मिठाचं पाणी करून दिलं, ऑफिसाबाहेरच्या बाकावर आडवं केलं आणि वर्गात गेली. गेली खरी, पण अपूर्णांकात मन लागेना. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि इथे आम्ही त्या वळायच्या, असं मनात येऊन तिचा खडू दोनदा मोडला.

मधल्या सुट्टीत ती बाकाकडे आली तर बाक रिकामा. कोंडी सापडली मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. जमिनीवर मुटकुळं, ओढणी तोंडात कोंबलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण आवाज म्हणून नव्हता. दिलेलं साखर-मिठाचं पाणी शेजारीच ओकून पडलं होतं.

उज्वला धावली. तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. "कोंडे, अगं एवढं दुखतंय आणि डॉक्टरला छान आहे काय सांगतेस? वेड लागलंय का तुला? उडी कशाला मारलीस?"

कोंडीने ओढणी तोंडातून काढली. बाई रागावल्या याचंच तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

"बाई, तुमीच तं सांगितलं व्हतं. पेटीसमोर रडायचं नाय. इचारलं का छान हाय बोलायचं."



सांगितलं होतं. अहो, घोटून घोटून सांगितलं होतं! पेटीचं उद्घाटन होतं तेव्हा. कंपनीचे साहेब येणार, कॅमेरेवाले येणार, पडद्यावर डॉक्टर येणार. तालमीला एक पहिलीतलं पोर छातीला यंत्र लावल्याबरोबर भोकाड पसरून रडलं आणि गुप्ते सरांचा चेहरा पडला. मग उज्वलाने चुणचुणीत पोरं निवडली आणि आठवडाभर कवायतीसारखी त्यांची तयारी करून घेतली. उभं राहायचं. हात जोडायचे. हसायचं. पेटीसमोर रडायचं नाही. काही विचारलं की म्हणायचं, मी छान आहे, मॅडम, धन्यवाद. सगळ्यात सुरेख म्हटलं कोंडीने. तो व्हिडिओ तालुक्यातल्या शिक्षकांच्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरला. केंद्रप्रमुखांनी उज्वलाचं नाव घेऊन कौतुक केलं. तिने तो आपल्या नवऱ्याला, मिलिंदला, चारचारदा दाखवला होता. पाहुणे आले की पोरांना पढवायचं हे काय आजचं आहे? सगळ्या शाळा करतात, तिच्या लहानपणी तिलाही पढवलं होतं. आणि पढवलेलं पोरांनी विसरू नये म्हणून तर मास्तर जीव टाकतात. कोंडी विसरली नव्हती.

"चल," उज्वला म्हणाली. "उठ. आता खरं सांगायचं. रडायचं असेल तर रडायचं. कळलं?"

"हो बाई," कोंडी म्हणाली. ती एवढ्या शहाण्यासारखं हो म्हणाली की उज्वलाला त्याचीच भीती वाटली.

आधी ती गुप्ते सरांकडे गेली. "सर, गाडी बोलवा. पोरीचं काही खरं नाही."

"अहो पण डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत..."

"डॉक्टरांना काय कळलंय? मी पढवलेलं तिने बोलून दाखवलं! उद्घाटनाला शिकवलं होतं ते!"

"गायकवाड बाई, तुम्ही शांत व्हा. मी समजू शकतो. पण आपण परस्पर नेलं आणि वाटेत काही झालं, तर तुम्ही मी दोघंही अडकू. तुम्ही परत पेटी लावा ना. त्यांनी न्या म्हणू दे, मी स्वतः गेट उघडतो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते उज्वलाला त्या वेळी कळलं. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई बिचारी चांगली बोलली, पण गाडी एक्स्प्रेसवेवरच्या अपघाताला गेलेली, यायला वेळ लागणार. वडिलांना लावावा तर धाऊ चौकच्या एका ढाब्यावर भांडी घासायचा, दुपारच्या गर्दीत त्याचा फोन कुठल्यातरी खुंटीला.

मग तिने टॅब काखेत मारला आणि सरळ ऑफिसाबाहेर पडली. "अहो, पेटी बाहेर..." गुप्ते सर म्हणत राहिले. ती थांबली नाही.

खिचडीच्या शेडच्या कोपऱ्यात नेटचे सगळे दांडे उभे राहिले. फोन लागला आणि बासरी वाजायला लागली. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपण रांगेत आहात. परत बासरी. तिकडे कोंडी हर्षलाच्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत येत होती आणि इकडे ही बासरी! उज्वलाला वाटलं, तो टॅब उचलून खिचडीच्या पातेल्यात घालावा. कोंडीला आत येऊ न देता तिने हर्षलाला खूण केली, थांबा तिथेच.

शेवटी लागला. योगायोगाने तीच डॉक्टर. "मॅडम, मघाशीच झालं ना तुमचं? माझ्याकडे अजून बरेच पेशंट..."

"डॉक्टर, एक मिनिट ऐका. ती मुलगी खोटं बोलत नव्हती. ती पाठ केलेलं म्हणत होती. तुमच्या पडद्यासमोर हसून छान आहे म्हणायचं, रडायचं नाही, असं मी शिकवलंय तिला. मी! उद्घाटनाच्या वेळी."

 मग सानवीने विचारलं, "हात जोडून धन्यवाद म्हणणारी... त्या व्हिडिओतली मुलगी ही? आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवतात तो."

"तीच."

"अरे देवा." आता ती रांगेतल्या पेशंटची गोष्ट करत नव्हती. "मग तिला सांगा ना, आता खरं बोल."

"सांगितलं. हो बाई म्हणाली. पण तुमचा चेहरा दिसला की ती परत उभी राहील. उडीही मारेल. लावू पैज?"

"नको नको, उडी नको. मॅडम, मला तिचं खरं ऐकायला मिळेल असं काही करता येईल?"

उज्वलाने इकडेतिकडे बघितलं. खिचडी शिजवणाऱ्या गंगाबाई पराती धूत होत्या. कोपऱ्यात तांदळाच्या गोणी रचलेल्या. तिने पडद्यावरचा चेहरा बंद केला, नुसता आवाज ठेवला, टॅब दोन गोणींच्या मध्ये सरकवला आणि वर फडकं टाकलं. टॅबला गुंडाळलेल्या इयरफोनची वायर लांब होती, नशीब. एक बोंडूक कानात घालून वर केस सोडले. "गंगाबाई, एखादं पोतं अंथरा इथे," म्हणाली आणि मग हाक मारली, "ये गं कोंडे. पेटी नाही लागत आज. मरू दे तिला. ये, झोप माझ्या मांडीवर."

पेटी नाही म्हटल्यावर पोरीचा जीवच सैल पडला. ती पोत्यावर आडवी झाली, डोकं उज्वलाच्या मांडीवर. गुडघे मात्र सरळ करीना.

"सकाळपासून दुखतंय का गं?"

"रातच्याला लागलं. मंग बेंबीपाशी व्हतं. आता हितं खाली आलं." तिने उजव्या बाजूला बोट दाखवलं, टेकवलं नाही. "लय दुखतंय बाई. चालताना आतून वढतंय."

कानात सानवी म्हणाली, "त्याच जागी हात ठेवा. हळू दाबा. आणि मग एकदम हात काढून घ्या."

उज्वलाने हात ठेवला. कातडं तापलेलं आणि पोट लाकडासारखं घट्ट. हळूहळू दाबलं. कोंडीने दात आवळले. तिने झटकन हात काढला.

"आयेऽऽऽ गं!"

गंगाबाईंच्या हातातली परात खाली पडली. मैदानात लंगडी खेळणारी पोरं जागच्या जागी थांबली. इतके महिने प्रार्थना सांगणारा तो आवाज, पण असा कुणी ऐकला नव्हता. कोंडी उज्वलाच्या पोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली आणि वर, "बाई, नाय रडत, नाय रडत आता," असंही म्हणत होती.

"रड," उज्वला म्हणाली. तिने पोरीचे केस मागे सारले. "रड गं राणी. माझंच चुकलं."

"मॅडम," कानात आवाज आला.  "मॅडम, न्या तिला. लगेच. अपेंडिक्सच वाटतंय, फुटलं तर जिवाशी खेळ आहे. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा. मी पनवेलच्या दवाखान्यात फोन करून ठेवते. लेखीही पाठवतेच."

उज्वलाने गजाला फोन केला. गजाची इको गाडी चौक-कर्जत फेऱ्या करायची, आणि वाडीवरची पोरं वाटेत दिसली की तो त्यांना फुकट गाडीत घ्यायचा. "आलोच बाई," म्हणाला आणि खरंच आला. गाडी गेटाशी उभी राहिली तेव्हा गुप्ते सर ऑफिसाच्या दारात टॅब हातात धरून उभे होते. टॅब त्यांनी शेडमधून उचलून आणला होता. ऑफिसात आणल्यामुळे अर्थातच चक्र फिरत होतं.

"लेखी अजून आलं नाही, बाई. दोन मिनिटं थांबलात तर..."

"येईल तेव्हा फ्रेम करून लावा, सर. पाटीच्या शेजारी जागा आहे." एवढं बोलून ती कोंडीला घेऊन मागच्या सीटवर बसली. गेट गजानेच उघडलं.

चौकला ढाब्यासमोर गजाने हॉर्न वाजवून वाजवून धाऊला बाहेर काढलं. धाऊ साबणाच्या हातांनीच गाडीत चढला. पोरीकडे बघून त्याचं तोंड सुकलं. काय झालं, कधीपासून, ते उज्वलाने सांगितलं. उडीचंही सांगितलं. लपवून ठेवणार कुठे?

धाऊने साबणाचे हात कपड्यांना पुसून पोरीचे पाय मांडीवर घेतले. पळस्प्याच्या अलीकडे म्हणाला, "बाई, पन ही तं घरी लय बोंबलते. जरा काटा मोडला तरी वाडी डोक्यावर घेते. रातच्याला माझ्याजवळ रडली, मी बोललो सकाली शालंत जा, तितं पेटी हाय, डाक्टर बगल. म्हनून तं पाटवली. शालंत नाय रडत काय ती?"

त्याने टोमणा मारला नव्हता. साधं विचारलं होतं. उज्वला म्हणाली, "नाही रडत हो. मी रडू दिलं नाही."

पनवेलला सानवीचा फोन आधीच पोचला होता, हे तिचे उपकार. पोरीला सरळ आत घेतलं. धाऊने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवला. ऑपरेशन करून बाहेर आलेले डॉक्टर उज्वलाला आईच समजले आणि तिच्यावरच उखडले, "अहो, फुटायच्या बेतात होतं! एवढा वेळ काय करत होतात?" तिने मान खाली घातली. पोर वाचली होती, एवढं तिला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेआधी दवाखान्यात गेली. कोंडी खाटेवर होती, हाताला सलाइन, ओठ सुकलेले. धाऊ खाली बसल्या बसल्या पेंगत होता. उज्वलाने तिच्या केसांवरून हात फिरवला तोच फोन वाजला. गुप्ते सर. आवाजात एवढा उत्साह की त्यांची निवृत्ती पुढे ढकलली की काय असं वाटावं.

"बाई, अहो कमाल झाली! कंपनीच्या लोकांना कळलंय. पेटीमुळे जीव वाचला म्हणून फार खूश आहेत. आत्ता व्हिडिओ कॉलवर आहेत माझ्याबरोबर. फक्त दोन वाक्यं कोंडीच्या तोंडून हवीत. तिला काय, येतंच आहे ते."

उज्वलाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पेटीमुळे! तिने फोन बंद करायला अंगठा उचलला. मग कोंडीकडे बघितलं आणि फोन बंद न करता चित्र चालू केलं. पडद्यावर गुप्ते सर आणि टाय बांधलेले दोन चेहरे दिसले, मागे ती पाटी, नेटसाठी भिंतीवरून उपटून खिचडीच्या शेडमध्ये आणलेली. तिने फोन कोंडीसमोर धरला.

"नमस्ते बेटा!" एक टाय म्हणाला. "कसं वाटतंय आता?"

कोंडीचा सलाइनचा हात हलला. दुसरा हात त्याला शोधत आला. सुकलेले ओठ ताणून ती हसली. "मी छान..."

"कोंडे," उज्वला म्हणाली. "हात खाली ठेव. तुला काय होतंय ते सांग. मी हाय हितं."

बाई वाडीतल्यासारखं बोलल्या म्हणून कोंडीने आश्चर्याने वर बघितलं. बाईंकडे, मग फोनकडे, परत बाईंकडे. शिकवलेलं मोडायचं म्हणजे कठीणच काम होतं तिला. मग तिचा खालचा ओठ थरथरला.

"दुखतंय," ती म्हणाली. "लय दुखतंय." आणि तिने जे भोकाड पसरलं, त्याने धाऊ दचकून उठला, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि नर्स धावत आली. उज्वलाने फोन हलवला नाही. गुप्ते सर पडद्यातून अर्धे बाहेर सरकले होते.

टायवाला घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, हे जरा... आपण परत घेऊया का?"

"घ्या ना," उज्वला म्हणाली. "हवं तितक्या वेळा घ्या. ती आता हेच सांगणार आहे."